बेघरांच्या एचआयव्ही तपासणीसाठी रात्री फूटपाथवर या : आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मुंबईत एड्स नियंत्रण आणि सार्वजनिक आरोग्याचे काम पाहणारे सर्व अधिकारी,
तसेच बेघर निवारा योजना आणि सैनिक कल्याण विभागाचे अधिकारी

विषय : रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला एचआयव्ही तपासणी आणि पुढचे उपचार मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी अनेक वर्षं एका आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, समुपदेशक होते. आता नोकरीत नाही. काही सहकाऱ्यांबरोबर रात्री ग्रँट रोड, भायखळा, मशीद बंदर, दादर, माहीम या भागांत पुलाखाली आणि फूटपाथवर झोपणाऱ्या माणसांमध्ये फिरते. यातल्या एका ठिकाणी आठवड्यातून एका ठरलेल्या रात्री बोटाला टोचून एचआयव्हीचं स्क्रीनिंग व्हायचं. ते बंद झालं. कारण विचारायला गेलो तेव्हा सांगण्यात आलं, की बेघर हा आपला टार्गेट ग्रुप नाही, किट ज्यांच्यासाठी आली आहेत त्यांच्यासाठीच वापरायला हवीत.

हे सांगणारा अधिकारी निर्दय नव्हता. त्याच्यासमोरच्या तक्त्यात खरोखरच ‘बेघर’ असा रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून किट आणि निधी नाही. माझं भांडण या साखळीशी आहे. त्याबद्दल आम्ही रीतसर पत्रं दिली. आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत असा सरकारी अंदाज आहे आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. तेव्हा देशात साडेसतरा लाखांहून अधिक, राज्यात दोन लाखांच्या वर आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांहून अधिक माणसं उघड्यावर सापडली. जी त्या रात्री कुठल्या लग्नाच्या हॉलमागे भांडी घासत होती, किंवा गणवेश दिसताच उठून दुसरीकडे गेली, ती त्यात नाहीत. या एवढ्या लोकांना तुमच्या कार्यक्रमात स्वतःचं नाव नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित कामगार हे गट आहेत आणि त्यांच्यात झालेल्या कामामुळेच या राज्यातली साथ आटोक्यात आली. तो मान तुमचाच आहे. पण पुलाखालचा माणूस यातल्या एका गटात बसत नाही. तो लग्नसराईत केटररकडे वाढपी असतो, एरवी मशीद बंदरला हमाली करतो, अधूनमधून पावडर ओढतो, कधी कोणी सुई पुढे केली तर तीही घेतो. चौदाव्या वर्षी स्टेशनवर त्याच्यावर काय गुदरलं ते तो दहा भेटींनंतरही सांगत नाही. फॉर्म भरताना कोणता गट लिहायचा ते कार्यकर्त्याला कळत नाही, मग तो फॉर्मच भरत नाही.

एका माणसाबद्दल सांगते. नाव देत नाही. दादरच्या एका पुलाखाली झोपायचे, आम्ही काका म्हणायचो, बाकी सगळे ‘फौजी’ म्हणायचे. तरुणपणी लष्करात शिपाई होते. पेन्शनला लागणारी १५ वर्षं भरायच्या आत बाहेर पडले. त्यामुळे पेन्शन नाही आणि पेन्शनधारक माजी सैनिकांना मिळणारी आरोग्य योजनाही नाही. गावी जमिनीवरून भावकीशी बिनसलं, मुंबईत वॉचमनची नोकरी केली, ती गेली तशी त्याबरोबरची खोलीही गेली. पुलाखाली आले तरी रोज पहाटे घोंगडीची घडी घालून, दाढी करूनच नाक्यावर जायचे. खोकला धरला, वजन उतरलं. ओपीडीत गेले, औषधाची बाटली घेऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शेवटी चालता येईना तेव्हा दाखल केलं. टीबी निघाला आणि टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी करायची असते म्हणून ती झाली. तोवर सीडी फोर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाखवणारा पेशींचा आकडा, पन्नासच्याही खाली गेला होता. वॉर्डातून ते परत आले नाहीत. ते झोपायचे तिथून चाचणी केंद्र चालत दहा मिनिटांवर आहे. त्यांनी चाचणीला कधी नकार दिला नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

वेळेत कळलं असतं तर काय झालं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणारी, औषधं या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी फोर किती आहे हे न बघता, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला, की तो माणूस जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग देत नाही. एवढं सगळं हाताशी असताना माणूस टीबीच्या खाटेवर पोचल्यावर आपल्याला त्याचं निदान कळतं. हे मला मान्य नाही.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. केंद्र सकाळी उघडतं तेव्हा माणूस नाक्यावर उभा असतो, तो संध्याकाळी परततो तेव्हा केंद्राला कुलूप असतं. चाचणीसाठी त्याने अख्खी रोजी बुडवावी अशी आपली अपेक्षा आहे. ज्याचं रात्रीचं जेवण त्याच दिवसाच्या मजुरीवर आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे. रात्री नऊनंतर हीच माणसं एका जागी असतात, थकलेली असतात पण निवांत असतात आणि बोलतात. मी रात्री केलेलं समुपदेशन दिवसा केंद्रात केलेल्या समुपदेशनापेक्षा नेहमीच खोल गेलं आहे. मागे रांग नसते, दारातून कोणी डोकावत नाही.

दुसरी तक्रार कागदांची. चाचणीला आधार लागत नाही असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. पण पुढे उपचारासाठी नोंदणी करायला गेलं की ओळखपत्र आणि पत्ता यांचा प्रश्न येतोच. एका केंद्रावर आमच्यासोबत आलेल्या तरुणाला ‘पत्त्याचा पुरावा घेऊन या’ असं सांगून परत पाठवलं. तो कुठून आणणार? अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा आधी पिशव्या उचलते. त्या पिशवीत आधार असतं, रेशनकार्डाची झेरॉक्स असते आणि कुणाच्या पिशवीत गोळ्यांची बाटलीही असते. महापालिकेचा एक विभाग औषध देतो आणि दुसरा ते कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

गोळ्यांचाच विषय निघाला म्हणून थोडं थांबते, कारण हे कार्यालयात बसून दिसत नाही. महिन्याच्या गोळ्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत येतात. बाटली हलली की खुळखुळते. शेजारी झोपलेला विचारतो, काय आहे रे? म्हणून लोक लेबल खरवडून काढतात, नाहीतर गोळ्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात आणि खिशात ठेवतात. घाम आणि पाऊस लागून त्या ओल्या होतात. मग डोस चुकतात आणि कागदावर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा येतो. ज्याला कुलूप लावता येईल असा एक चौरस फूट नाही, त्याच्या बाबतीत हा शेरा मारताना पेन थांबायला हवं.

तिसरी तक्रार स्क्रीनिंगनंतरच्या रात्रीची. बोटाला टोचून केलेली एक चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे तिने संसर्गाची शक्यता दाखवली, तरी निदान झालं असं नाही. पक्कं निदान केंद्रावर, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या करूनच होतं. आपली पद्धत चांगली आहे. पण ज्याला रात्री दहा वाजता ‘उद्या सकाळी अमुक हॉस्पिटलात या’ अशी चिठ्ठी दिली जाते, त्याची ती रात्र कशी जाते याचा विचार योजनेत कुठेच नाही. मी अशा चिठ्ठ्या गटाराच्या कडेला पडलेल्या पाहिल्या आहेत. माणूस घाबरतो, पितो, दुसऱ्या पुलाखाली निघून जातो. त्याच्याबरोबर सकाळी जाणारं माणूस नेमलेलं नसेल तर स्क्रीनिंग करून आपण त्याला एकटं सोडतो. मग ते न केलेलं बरं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

चौथी, बायकांची. रस्त्यावर एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री काय सोसावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. अत्याचारानंतर संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हे फूटपाथवरच्या किती बायकांपर्यंत पोचवलं आहे? आमच्या रात्रीच्या फेरीत याची माहिती असलेली बाई मला क्वचितच भेटली. स्त्री कार्यकर्ती सोबत नसेल तर त्या हातही पुढे करत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

पाचवी तक्रार १ डिसेंबरची, म्हणजे जागतिक एड्स दिनाची. त्या दिवशी रॅली निघते, लाल फीत लागते, निवाऱ्यात शिबिर होतं, फोटो निघतात. तपासलेल्यांचा आकडा कळवला जातो आणि पुढच्या १ डिसेंबरपर्यंत तिथे कोणी फिरकत नाही. त्या शिबिरात ज्यांचा रक्ताचा थेंब घेतला त्यांच्यापैकी कितीजण आज औषध घेत आहेत हे कोणीतरी एकदा जाहीर सांगावं.

एक गोष्ट मागणीच्या आधीच स्पष्ट करते, कारण अशा पत्रांचा उलटा अर्थ लावला जातो. आम्हाला धरपकड नको आहे. या शहरात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. गाडीत घालून नेलं जाण्याची भीती फूटपाथवरच्या प्रत्येकाच्या मनात असते. त्यामुळे पोलीस सोबत घेऊन, शिट्टी वाजवून, रांगेत उभं करून तपासणी करणार असाल तर कृपया करू नका. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेली संमती, गोपनीयता आणि भेदभावाला बंदी हे तिन्ही त्यात आहे. पुलाखालच्या माणसालाही नाही म्हणायचा हक्क आहे. त्याने तीन वेळा नाही म्हटलं तरी चौथ्या आठवड्यात आपण चहा घेऊन त्याच जागी जायचं असतं. माझ्या अनुभवात नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शेवटी स्वतःहून विचारतात, ‘मॅडम, आज ते टोचायचं आहे का?’

हे काम कसं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हमाली करून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत त्यांच्या बोटाच्या टोकातून थेंब निघत नाही. आधी हात खाली सोडून बसवायचं, तळवा चोळायचा आणि करंगळीजवळच्या बोटाच्या कडेला टोचायचं. मग निकाल येईपर्यंतची वीसेक मिनिटं. या वीस मिनिटांत माणूस आईबद्दल बोलतो, गाव सांगतो, किती वर्षांत घरी फोन केला नाही ते सांगतो. त्या वेळी समोर बसलेलं माणूस ओळखीचं असेल तरच पुढचं सगळं जमतं. दर वेळी नवा तंत्रज्ञ, नवी गाडी, नवा फॉर्म असेल तर नाही जमत.

आणि हे होऊ शकतं. अमेरिकेत बेघर झालेल्या माजी सैनिकांसाठी १९८८ साली सॅन दिएगोत ‘स्टँड डाउन’ नावाचा पहिला मेळावा भरला. व्हिएतनाम युद्धात लढलेल्यांनीच तो उभा केला. जेवण, आंघोळ, कपडे, कायद्याचा सल्ला आणि डॉक्टर, सगळं एका मैदानात, त्या माणसांच्या सोयीने. पुढे ही पद्धत देशभर पसरली. तिथे एचआयव्ही आणि कावीळ क (हिपॅटायटिस सी) ची तपासणीही अनेक ठिकाणी होऊ लागली. तिथल्या सरकारने या माजी सैनिकांची मोजणी वेगळी ठेवली, घर देण्याची योजना वेगळी ठेवली. २०१० मध्ये त्यांची संख्या ७४ हजारांच्या वर होती, २०२४ मध्ये ती ३३ हजारांच्या खाली आली. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे हे खरं आहे. पण मोजणं, शोधत जाणं आणि एकाच ठिकाणी सगळी मदत देणं या तीन गोष्टींना लागणारा पैसा मुंबईकडेही आहे.

आमच्या मागण्या अशा.

‘बेघर’ हा गट जिल्ह्याच्या एचआयव्ही आराखड्यात नावानिशी घ्या आणि त्याला किट व मनुष्यबळाची वेगळी तरतूद करा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात (२०२१-२६), रूढ गटांत न बसणाऱ्या पण जोखीम असलेल्या लोकांसाठी संपूर्ण सुरक्षा केंद्रांची कल्पना मांडलेली आहे. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी समुदायात जाऊन स्क्रीनिंग करण्याची सोयही आधीपासून आहे. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही.

ज्या वॉर्डांत बेघर जास्त आहेत तिथे आठवड्यातून एक ठरलेली रात्र, ठरलेली जागा आणि तीच माणसं ठेवा. त्या पथकात स्वतः रस्त्यावर राहिलेल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन, मानधनावर घ्या. नुसतं प्रमाणपत्र आणि टोपी देऊन नव्हे.

रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या प्रत्येकासोबत दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाणारं माणूस हवं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून मिळायला हवी. निदान पक्कं झालं आणि माणूस तयार असेल, तर टीबीची लक्षणं तपासून सात दिवसांच्या आत औषध सुरू व्हावं. खोकला असेल त्याची थुंकी त्याच भेटीत तपासणीला जावी.

पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये असा लेखी आदेश प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावा. निवारा केंद्राचा किंवा सोबतच्या संस्थेचा पत्ता चालला पाहिजे.

गोळ्या ठेवायला निवारा केंद्रात आणि जवळच्या दवाखान्यात कुलपाचे कप्पे द्या. त्यावर फक्त क्रमांक असावा. गाडीत औषध गेलं तर प्रश्न न विचारता दुसरी बाटली मिळावी. अतिक्रमण विभागाने औषधं आणि कागदपत्रं उचलू नयेत, हे आयुक्तांच्या पातळीवर ठरायला हवं.

निवारा केंद्रांबद्दल तर काय सांगावं! शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे एक, चोवीस तास चालणारं निवारा केंद्र असावं असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून २०१० सालीच ठरलं. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास धरली तरी किमान १२४ केंद्रं हवीत. आज किती चालू आहेत, कुठे आहेत आणि त्यात बायकांसाठी किती, ही यादी जाहीर करा. एचआयव्ही आहे म्हणून कोणत्याही केंद्राने जागा नाकारली तर तो कायद्याचा भंग आहे, हे तिथल्या व्यवस्थापकांना प्रशिक्षणात सांगा.

सैनिक कल्याण विभागाला वेगळी विनंती. जिल्ह्यांत तुमची कार्यालयं आहेत. फूटपाथवरच्या माजी सैनिकांना शोधायला आमच्यासोबत एक माणूस द्या. ज्यांची पेन्शनइतकी सेवा भरली नाही त्यांच्यासाठी काय करता येईल ते तपासा. त्यांच्याकडे कागद नसतील, पण रेजिमेंटचं नाव आणि नंबर ते झोपेतही सांगतात.

शेवटची मागणी आकड्यांची. दर तीन महिन्यांनी, कोणाचंही नाव न देता, एवढं जाहीर करा : किती बेघरांना चाचणीबद्दल विचारलं, किती तयार झाले, कितीजणांचं निदान झालं, कितीजणांनी औषध सुरू केलं आणि कितीजणांचा व्हायरल लोड दबला. २०३० चं उद्दिष्ट ९५-९५-९५ आहे : एचआयव्ही असलेल्या ९५ टक्के लोकांना ते माहीत असावं, त्यांतले ९५ टक्के औषधावर असावेत आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांचा व्हायरल लोड दबलेला असावा. त्या शेकड्यांत पुलाखालची माणसं मोजली आहेत की नाहीत, हे आम्हाला बघता आलं पाहिजे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माणसं जागा बदलतात, कोरडी जागा मिळेल तिथे जातात आणि मग त्यांना शोधायला दिवाळी उजाडते. म्हणून निदान दोन वॉर्डांत मेअखेरपर्यंत रात्रीचं स्क्रीनिंग पुन्हा सुरू व्हावं. जागा, माणसं आणि वेळ आम्ही दाखवतो. किट, तंत्रज्ञ आणि आदेश तुम्ही द्या. या पत्राचं उत्तर लेखी द्यावं आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं द्यावं, ही विनंती.

आपली,
एक माजी समुपदेशक
मुंबई